विभक्तीनंतरचे हिशेब – भाग ९ : हातात पडणारा पगार

या आठवड्यात सोनेतारण घेतो, असे कबूल केले होते. दागिने बायकोचे, कर्ज नवऱ्याच्या नावावर आणि पावती सासूच्या कपाटात, हा गुंता सोडवायचाच आहे. पण मधेच आगाशिवनगरहून एका ताईंचे पत्र आले आणि चार दिवस ते डोक्यातून जाईना. सोनेतारण पुढच्या आठवड्यावर टाकतो.

पत्रासोबत नवऱ्याच्या पगारपत्रकाची झेरॉक्स आहे. मुलगा सातवीत. पोटगीचा अर्ज कराडच्या कोर्टात चालू आहे. ताई लिहितात, "हातात अकरा हजार पडतात, त्यातून पोराला काय देणार, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं. मलाही ते खरंच वाटतं. पगार कापूनच यायचा, मी बघितलंय."

आपल्याकडे स्थळ बघताना विचारतात, "हातात किती पडतात?" घर चालवायला तो प्रश्न बरोबर आहे. पोटगीच्या अर्जात मात्र तोच घात करतो, कारण हातात किती पडावेत हे बऱ्याच प्रमाणात पगार घेणाऱ्याच्या हातात असते.

झेरॉक्स मांडू. एकूण पगार ४९,०००. भविष्य निर्वाह निधी ३,३००, व्यवसाय कर २००. सेवक सोसायटीचा कर्जहप्ता १४,५००, तिथलीच मासिक वर्गणी १,५००. घरकर्ज १६,०००. विम्याचा हप्ता २,५००. कपात ३८,०००, हातात ११,०००.

आता या कपातीच्या दोन राशी करा. निर्वाह निधी आणि व्यवसाय कर पहिल्या राशीत. प्राप्तिकर असता तर तोही इथेच आला असता. ही कपात कायद्याने होते, कोणाला विचारून होत नाही. बाकी सगळे दुसऱ्या राशीत, कारण त्याखाली कोणीतरी स्वतः सही केलेली आहे. सोसायटीची कपातसुद्धा सहीचीच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाने करारपत्र दिले की मालकाला पगारातून हप्ता कापून सोसायटीला द्यावा लागतो. हप्ता ऑफिसातच कापला जातो म्हणून तो सरकारी कपातीसारखा दिसतो. तसा तो नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच, कुलभूषण यांच्या खटल्यात, ही वाटणी करून ठेवली आहे. पोटगी ठरवताना प्राप्तिकर आणि सक्तीचा निर्वाह निधी वजा करायचा. स्वखुशीने लावून घेतलेले खर्च त्या दोघांच्या रांगेत बसत नाहीत. पुढे उच्च न्यायालयांनीही हेच पुन्हा पुन्हा सांगितले. ताई, तुमच्या मुलाच्या अर्जाचा हिशेब ११,००० पासून नाही, ४५,५०० पासून सुरू होतो.

याचा अर्थ कर्जाकडे बघायचेच नाही, असा नाही. न्यायालय बघते, आणि बघावेच. कर्ज कधी काढले, कशासाठी काढले आणि त्याचा उपयोग आज कोण घेते, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. घरकर्जाच्या घरात मुलगा आणि आई राहत असतील, तर तो हप्ता मुलाच्या डोक्यावरच्या छपराचा आहे आणि बापाच्या बाजूने मोजला जाईल. त्याच घरात बाप एकटा राहत असेल किंवा घर भाड्याने दिले असेल, तर हिशेब उलटा.

दोन माणसे मला नेहमी आठवतात. एकाने पोराच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढले होते. दवाखान्याची बिले, कर्जाचा अर्ज, सगळे तारखेवार लावून आणले. पोटगी ठरवताना कोर्टाने त्या हप्त्याला जागा दिली, आणि ते न्यायाचेच झाले. दुसऱ्याचा हप्ता याहून मोठा होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी एकच विचारले, "कर्ज मंजूर कधी झालं?" कागद आला तेव्हा दिसले की समन्स हातात पडल्यावर अकराव्या दिवशी मंजुरी होती. पुढे त्या कर्जावर कोणी वाद घातला नाही. तेव्हापासून अशिलाला मी पहिल्यांदा कर्जाची रक्कम विचारत नाही, तारीख विचारतो.

ही तारीख मिळवायला पूर्वी नाकी नऊ येत. 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्याने वाट सोपी केली. प्रकरण आपल्याच राज्यातले, नागपूरचे. आईने स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी २०१३ मध्ये अर्ज केला. कुटुंब न्यायालयाने तिला दरमहा १५,००० आणि मुलाला आधी ५,०००, मग १०,००० ठरवून दिले. हे सगळे अंतरिम, म्हणजे मूळ निकाल लागेपर्यंतचे. तेवढ्यावरूनच वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल आला ४ नोव्हेंबर २०२० ला. तान्हे मूल तोवर शाळेत जायच्या वयाचे झाले होते. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घालून दिला की दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि हप्ते यांचे शपथपत्र द्यायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू करायची, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा तारखा पडत गेल्या म्हणून मुलाचे महिने बुडत नाहीत.

आता पत्रातली शेवटची ओळ. ती ताईंनी जाता जाता लिहिली आहे, पण मला सगळ्यात काळजी तिचीच वाटते. "सोसायटीच्या कर्जाला जामीनदार माझा भाऊ आहे आणि घरकर्जावर माझीही सही आहे."

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात कर्ज नवरा फेडील असे लिहिले तरी बँक त्याने बांधली जात नाही, कारण बँक त्या खटल्यात पक्षकारच नसते. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ४३ सांगते की दोघांनी मिळून दिलेले वचन धनको दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण करून घेऊ शकतो. ज्याने भरले त्याने दुसऱ्याकडून हिस्सा मागावा. जामीनदाराचेही तसेच. कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. नवऱ्याने हप्ते थकवले तर सोसायटी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन भावाच्याही दारात येईल. म्हणून संमतीच्या अटी लिहितानाच बँकेत जाऊन आपले नाव लेखी कमी करून घ्यावे. बँक तयार नसेल तर घर विकून कर्ज मिटवावे. हुकूमनाम्यातल्या एका वाक्यावर विसंबू नये.

मग पैसे कमी असताना आधी कोणाचे? माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. चोवीस तास पाणी येण्याआधीचे कराडजवळचे मलकापूर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. तेव्हा लाइनच्या सुरुवातीला ज्यांच्या मोटारी होत्या ते ओढून घेत आणि शेवटच्या घरी तळाला हंडाभर उरे. पगाराच्या लाइनीवर बँक, सोसायटी, विमा हे सुरुवातीला बसलेले असतात आणि पोर शेवटच्या घरात.

कायद्याला हा क्रम मान्य नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० काढून बघा. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. ४९,००० च्या पगारातून सावकार फार तर १६,००० जप्त करू शकतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित, म्हणजे त्याच पगारातून साडेबत्तीस हजारांच्या वर जप्त होऊ शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. निर्वाहाचा हक्क हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, म्हणून थकलेली पोटगी बँका आणि इतर धनकोंच्या हक्कांच्या आधी, असे त्यांनी स्पष्ट केले.

आपल्या बोलीत पोटगीला जुना शब्द आहे खावटी. पोटापुरते धान्य अडीअडचणीला उसने द्यायचे त्या कर्जालाही खावटी कर्जच म्हणतात. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना खाण्याचा हिशेब सगळ्यात आधीचा आहे हे ठाऊक होते.

ताई, पुढच्या तारखेआधी दोन गोष्टी करा. नवऱ्याच्या शपथपत्रात प्रत्येक कर्जाची मंजुरीची तारीख आणि कारण आहे का ते वकिलांकडून तपासून घ्या. नसेल तर मालकाकडून पगाराचा दाखला आणि सोसायटीकडून कर्जखात्याचा उतारा मागवावा, असा अर्ज द्या. आणि त्या अकरा हजारांवर पुन्हा विश्वास ठेवू नका.