पडवींतला आवाज

आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, गुडघे अधू झाल्यापासून सारा दिवस मागच्या पडवींत बसून असते. दिवाणखान्यांत होम थिएटर आहे. त्यावर संध्याकाळीं अभंगगायन लागतें. पण मध्यें तीन भिंती, त्यामुळें तिला शब्द कळत नसत. गेल्या दिवाळींत आमच्या चिरंजीवांनीं बाहेर लावण्याजोगे दोन स्पीकर आणले आणि त्यांच्या तारा रिसीव्हरच्या मागें, जेथें आंतल्या पुढील दोन स्पीकरांच्या तारा होत्या, तेथेंच पिळून बसविल्या. पाऊण तास गायन उत्तम चाललें. मग यंत्रांत ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, आणि आंत-बाहेर एकदम सामसूम. पडवींतून आक्का म्हणाली, “काय रे, वीज गेली कां?” वीज गेली नव्हती. यंत्राचें झांकण मात्र हात ठेववेना इतकें तापलें होतें.

असें कां झालें, हें समजण्यास मॅट्रिकपर्यंतचें पदार्थविज्ञान पुरेसें आहे. माझेंही तेवढेंच आहे. स्पीकर विजेच्या प्रवाहास जो रोध करतो, तो ओहम या मापानें मोजतात. ज्यांचें नांव या मापास दिलें, ते गेओर्ग ओहम जर्मनींतील कोलोन येथील शाळेंत गणित शिकवीत असत. आपला नियम त्यांनीं १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. आम्हां शाळामास्तरांस एवढा अभिमान क्षम्य असावा.

घरगुती स्पीकर बहुधा ८ ओहमचा असतो. एकाच जोडणीवर तसे दोन लावले म्हणजे रोध १६ होत नाहीं, उलट ४ होतो. नाटक सुटल्यावर दुसरें दार उघडलें कीं गर्दी दुप्पट बाहेर पडते, तसें हें आहे. रिसीव्हरला तो दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो. आमच्या यंत्राच्या पाठीवर ‘किमान ६ ओहम’ असें स्पष्ट छापलेलें होतें. तें वाचण्याचें कोणास सुचलें नाहीं. सुदैवानें आंतील संरक्षक योजनेमुळें यंत्र आपण होऊन बंद पडलें, जळलें नाहीं. कांहीं यंत्रांवर ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोडण्या असतात. त्या पाहून निर्धास्त होऊं नये. दोन्ही एकदम चालू केल्यास पुष्कळ यंत्रांत आंतून हाच प्रकार होतो. दोन स्पीकर माळेसारखे एकामागून एक जोडले, तर यंत्र वांचतें. परंतु प्रत्येकाच्या वांट्यास पूर्वीच्या चौथाई शक्ति येते, आणि स्पीकर निरनिराळ्या जातीचे असल्यास स्वरही बिघडतो.

दुसरी अडचण अंगणाची. खोलींत भिंती व छत ध्वनि परत देतात. उघड्यावर तो गेला तो गेला. अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. १ मीटरवरून ४ मीटरवर गेलों तर १२ डेसिबल कमी, आणि तेवढी भरपाई करण्यास १६ पट शक्ति लागेल! त्यापेक्षां स्पीकरच ऐकणाराजवळ न्यावा. शेजारीही त्यामुळें वांचतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे.

मग उपाय कोणता? रिसीव्हर सात वाहिन्यांचा असून आंत पांचच लागत असतील, तर उरलेल्या दोन वाहिन्या पुष्कळ यंत्रांत ‘झोन २’ म्हणून बाहेरच्या स्पीकरांस नेमून देतां येतात. त्यांचें गाणें निराळें, आवाजही निराळा. आमच्या सातही वाहिन्या गुंतलेल्या होत्या. म्हणून ‘झोन २’च्या प्री-आउटमधून ध्वनीचा केवळ क्षीण संकेत घेतला आणि तो दोन वाहिन्यांच्या एका स्वतंत्र, लहान ॲम्प्लिफायरला दिला. बाहेरच्या स्पीकरांचें ओझें आतां तोच उचलतो. येथें एक फसगत झाली. पुष्कळ जुन्या रिसीव्हरांत एचडीएमआय तारेनें आलेला ध्वनि झोन २ कडे जातच नाहीं. आम्ही दोन दिवस नव्या ॲम्प्लिफायरला दोष देत बसलों होतों. शेवटीं लाल-पांढऱ्या टोंकांची साधी तार लावतांच पडवी बोलूं लागली.

तारेचा हिशोब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. आमचें अंतर १८ मीटर. जाऊन-येऊन ३६ मीटर तांबें. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध सुमारें ०.६२ ओहम होतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा ०.२५. म्हणजे बारीक तारेंत अधिक शक्ति वाटेंतच खर्च होते. आम्हीं जाड तार घेतली आणि ती घराच्या विजेच्या तारांपासून दूर, निराळ्या नळींतून नेली. स्पीकर पागोळ्यांच्या आंत, तोंड खालीं करून टांगले आहेत.

आवाज कमी-जास्त करण्याची कळ आक्काच्या खुर्चीशेजारीं भिंतीवर बसविली. बाहेरच्या स्पीकरांसाठीं मिळणारी, आंत लहानसें रोहित्र असलेली ती कळ आहे. साध्या रोधाच्या कळींत शक्ति उष्णता होऊन वाया जाते. नऊ वाजले कीं आक्का ती स्वतः फिरवून बंद करते, आणि मग तेथूनच सांगते, “अरे, आतां तुमचें आंतलें तेवढें हळू करा!”