ठिपके जातात, रोग राहतो

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये निळ्या टँग माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले की मालकाची धावपळ सुरू होते. कुणी खाण्यात लसूण घालायला सांगतं, कुणी क्लीनर कोळंबी आणायला. चार-पाच दिवसांत ठिपके नाहीसे होतात आणि श्रेय लसणीला मिळतं. खरं तर काहीच केलं नसतं तरी ते गेले असते.

या ठिपक्यांमागच्या परजीवीची नोंद जपानमध्ये सिकामा यांनी 1937 मध्ये केली. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव ब्राउन यांनी 1951 मध्ये दिलं. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तीन ते सात दिवस पोसतो. कोळंबीची नांगी तिथवर पोहोचत नाही. पोट भरलं की तो स्वतःच गळून पडतो, दगडाला किंवा वाळूला चिकटतो, भोवती कवच करून घेतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून शे-दोनशे पिल्लं निघतात. काही कवचं तीन दिवसांत फुटतात. प्रयोगशाळेत 72 दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं. औषधाचा मारा चालतो तो याच पोहत्या पिल्लांवर. कातडीखालचा आणि कवचातला परजीवी दोघेही सुरक्षित.

औषध म्हणजे तांबं. लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम मुक्त तांबं काही आठवडे टिकवायचं. त्याहून कमी झालं तर परजीवी वाचतो, जास्त झालं तर मासा जातो, म्हणून रोज टेस्ट किट. पण तेवढ्या तांब्यात कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ जगत नाहीत. शिवाय चुनखडीचे दगड तांबं शोषून घेतात. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत दगडावर टँक चालवण्याची पद्धत जगापुढे मांडली. घाण पचवणारे जिवाणू त्या दगडात राहतात, आणि रोगाची कवचंही त्यालाच चिकटतात. म्हणून दगडाला हात न लावता सगळे मासे वेगळ्या टाकीत काढायचे, तिथे उपचार करायचे आणि मोठा टँक अडीच महिने बिनमाशांचा ठेवायचा. मला तरी भरवशाचा दुसरा मार्ग दिसत नाही. नवा मासाही आधी या वेगळ्या टाकीतच हवा, कारण दुकानात बऱ्याच टाक्यांचं पाणी एकाच पंपावर फिरतं.

ठिपके पिठासारखे बारीक असतील आणि मासा धापा टाकत असेल तर प्रकरण वेगळं. तो व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलोडिनियम. तो थेट कल्ले धरतो आणि दोन-तीन दिवसांत टँक रिकामा करू शकतो. गंमत म्हणजे हा शेवाळांच्या गोतावळ्यातला, डायनोफ्लॅजेलेट. प्रवाळांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारे सूक्ष्म जीव याचेच भाऊबंद.

रोगाखेरीज दुसरी डोकेदुखी शेवाळाची. दगडावरच्या हिरव्या केसांसारख्या शेवाळाचं कारण बहुधा माशांच्या खाण्यात असतं. गोठवलेलं खाणं वितळल्यावर त्याचं पाणी टँकमध्ये ओतलं की फॉस्फेट जातं. नळाच्या पाण्यातल्या सिलिकेटवर तपकिरी डायटम माजतात, म्हणून आरओ-डीआय यंत्राने शुद्ध केलेलं पाणी वापरायचं. लाल चिकट थर हे शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया. एरिथ्रोमायसिनने ते मरतात. पण उपयोगी जिवाणूही त्याच तडाख्यात सापडण्याची भीती असते.

टँक बिनमाशांचा असताना खाणं थांबतं आणि शेवाळाची रसद तुटते. पण शेवाळ चरणारा टँगही तेव्हा बाहेर असतो, त्यामुळे हिरवळ हटेलच असं नाही. अशा वेळी धीर सोडून कुणी फॉस्फेट-नायट्रेट पार शून्यावर आणतं, आणि मोकळ्या झालेल्या दगडांवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकटा पसरतो. तेही डायनोफ्लॅजेलेटच. त्यातल्या काही जातींच्या विषाने गोगलगायी मरतात. मग वर्षभर खटपट करून हटवलेलं तेच नायट्रेट बाटलीतून विकत आणून थेंब मोजत परत टँकमध्ये घातलं जातं.