बोल्ट आवळण्याआधी

कम्पाउंड धनुष्य घेतलेल्या पोराला मैदानावर पहिला प्रश्न ठरलेला: "किती पाउंडचं?" उत्तर पन्नासच्या खाली आलं की विचारणाऱ्याचा चेहराच पडतो. हा तोरा व्यायामशाळेत शोभेल, धनुर्विद्येत तो गुण खातो.

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये नागपूरचा ओजस देवतळे कम्पाउंडमध्ये १५० पैकी १५० गुण घेऊन जगज्जेता झाला. त्याच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी महिलांमध्ये जगज्जेती ठरली. त्याआधी मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायचा विश्वचषक जिंकला होता. नागपूर, बुलढाणा म्हणजे आपल्या यवतमाळहून काही तासांची वाट. आपल्याकडच्या पोरांना कम्पाउंडची ओढ लागली तर नवल नाही.

बांबूच्या धनुष्याची ताकद ते तासतानाच ठरते. कम्पाउंडमध्ये ती बदलता येते. वरचा आणि खालचा लिंब, म्हणजे धनुष्याची वाकणारी पाती, मधल्या दांड्याला जिथे बसतो, तिथे एकेक बोल्ट असतो. तो आवळला की पाउंडेज, म्हणजे दोरी ओढायला लागणारं वजन, वाढतं, सैल केला की उतरतं. पूर्ण फेऱ्याला साधारण दोन-तीन पाउंड, पण प्रत्येक मॉडेलचा हिशेब निराळा. आधी लिंब पॉकेटचा लॉक स्क्रू असेल तर तो ढिला करायचा, मग अ‍ॅलन कीने वर जितके फेरे तितकेच खाली. एका बाजूला अर्धा फेरा जास्त झाला तरी धनुष्याचा तोल बिघडतो. बोल्टवर पेनाने खूण केलेली बरी. कंपनीच्या पुस्तिकेत किती फेऱ्यांपर्यंत सैल करायचं ते दिलेलं असतं. त्यापुढे गेलात तर लिंब सुटून अंगावर येऊ शकतो, इथे अंदाज नको. शेवटी हुकाच्या काट्यावर ओढून वजन मोजा.

आता खरा प्रश्न, किती ठेवायचं? जागतिक नियमात कम्पाउंडला ६० पाउंडची, म्हणजे सुमारे २७ किलोंची कमाल मर्यादा आहे. पण ती मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. कम्पाउंडची गंमत अशी की दोरी पूर्ण मागे येता येता कॅम, म्हणजे लिंबच्या टोकांची चाकं, फिरतात आणि हातावरचं वजन एकदम गळतं. ७५ टक्के गळती असेल तर ५० पाउंडचं धनुष्य नेम धरताना साडेबारा पाउंडच जाणवतं. त्यामुळे पोरं फसतात. नेम धरणं सोपं, पण तिथवर ओढताना पूर्ण ५० पाउंडांचा घाट चढावाच लागतो, तोही पात्रता फेरीत ७२ वेळा. दहा पाउंड उगाच वाढवले तर ७२ बाणांत ७२० पाउंड, म्हणजे सव्वातीनशे किलोंहून अधिक जादा ओढ. सरावाचे बाण वेगळेच.

परीक्षा सोपी आहे. खुर्चीत बसा, धनुष्य लक्ष्याच्या उंचीवर धरा आणि सरळ ओढा. ते आभाळाकडे उचलावं लागलं किंवा खांदा कानाशी आला, तर पाउंडेज जास्त आहे. दोन्ही बोल्ट एकेक फेरा सैल करा आणि पुन्हा ओढून बघा. त्यात कमीपणा कसला? ५० मीटरवरच्या लक्ष्याला तुमचं पाउंडेज दिसत नाही.

पाउंडेज बदललं की बाणही तपासावा लागतो. वजन वाढलं की तोच बाण सुटताना जास्त वाकतो, कमी केलं की ताठ वागतो. साइटच्या खुणाही नव्याने घ्याव्या लागतात. शिवाय आपला उन्हाळा! पारा चव्वेचाळीसवर असताना बंद गाडीत धनुष्य ठेवलं तर दोरी ताणली जाते, लिंबचे थर सुटू शकतात, आणि दोष मात्र बोल्टवर येतो.

दोरी बाणाशिवाय कधीच सोडू नका. आणि स्पर्धा आठवड्यावर आली असेल तर अ‍ॅलन की पेटीतच राहू द्या.