वजनकाट्याला न दिसणारी चरबी

पूर्वी रेल्वे स्टेशनांवर रंगीत दिव्यांचं वजनाचं एक यंत्र असे. नाणं टाकलं की चाक फिरे, दिवे लुकलुकत आणि एक जाड तिकीट बाहेर पडे. त्यावर वजन छापलेलं असे आणि सोबत भविष्यही! आज वैद्यकशास्त्राला विचाराल तर ते सांगेल, की तब्येतीचं भविष्य वाचायला नुसतं वजन पुरत नाही. त्यासाठी कमरेचा घेर मोजावा लागतो. आज मला या घेराविषयी आणि त्याच्या आत दडलेल्या चरबीविषयी बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे एक गोष्ट लक्षात येत गेली. आपल्या बोलण्यात पोटाचं फार कौतुक आहे. 'खात्यापित्या घरचा', 'अंगानं भरला', 'लग्न मानवलं' हे सगळे शाबासकीचे शब्द. लग्नानंतर वर्षभरात जावयाचं पोट पुढं आलं, की सासूबाईंना समाधान वाटतं. दुष्काळ सोसलेल्या मुलखात हे साहजिकही होतं. ज्यांनी १९७२ सालचा दुष्काळ पाहिला, त्यांना भरलेलं अंग म्हणजे भरलेली कणगी वाटली, तर त्यात नवल नाही. काळ बदलला, शब्द मात्र तेच राहिले.

आता ही चरबी असते कुठं? पोटाची कातडी चिमटीत धरली की हाताला लागते ती कातडीखालची चरबी. ती दिसते, लोंबते, आरशात नको वाटते. पण तुलनेनं ती कमी उपद्रवी. दुसरी चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत, यकृत, आतडी आणि मूत्रपिंडं यांच्या भोवती साठते. ती चिमटीत येत नाही. बकरी ईदच्या दिवशी कुर्बानीच्या जनावराचं पोट उघडल्यावर आतड्यांवर पांढऱ्या जाळीसारखा चरबीचा पडदा दिसतो. लहानपणापासून आम्ही तो पाहत आलो. तसाच पडदा माणसाच्या पोटातही असतो. थोडा असणं निसर्गाचीच योजना आहे; आतल्या अवयवांना त्याचा आधार असतो. तो जाड होऊ लागला, की दुखणी सुरू होतात.

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठं आहे, हे महत्त्वाचं, असं फ्रान्समधल्या मार्सेलचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच मांडलं होतं. कमरेवर आणि मांड्यांवर जाड होणाऱ्यांपेक्षा पोटावर जाड होणाऱ्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार अधिक होतात, हे त्यांचं निरीक्षण होतं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. चरबी म्हणजे निव्वळ कोठार, अशीच समजूत होती. १९९४ साली चरबीतूनच रक्तात जाणाऱ्या लेप्टिन नावाच्या संप्रेरकाचा शोध लागला आणि ती समजूत पार बदलली. चरबी गप्प बसलेली नसते. ती रक्तात रसायनं सोडत असते.

पोटातल्या चरबीचा शेजार यकृताशी. आतड्यांकडून रक्त घेऊन एक मोठी शीर थेट यकृतात जाते. या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लं त्याच वाटेनं यकृतात पोचतात. यकृत चरबीनं भरू लागतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द आता घरोघरी दिसतात, ते यातूनच. मग इन्शुलिन असूनही त्याचं काम नीट होत नाही, रक्तातली साखर वाढते, ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्तदाब चढतो. यातलं काहीच दुखत नाही. म्हणून माणूस दहा दहा वर्षं बेफिकीर राहतो आणि पहिली खबर मिळते ती छातीत कळ आल्यावर.

कुणी म्हणेल, चरबी काढून टाकू. २००४ साली अमेरिकेत हेही तपासून झालं. पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटावरची सुमारे दहा दहा किलो चरबी शस्त्रक्रियेनं शोषून काढली. आकार बदलला, पण काही आठवड्यांनी तपासलं तर साखर, इन्शुलिन, रक्तदाब यांत सुधारणा नव्हती. कारण निघाली ती कातडीखालची चरबी. आतली जिथल्या तिथं!

आता आपल्या घरची गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या हिशेबात वजन काढायचा जो निर्देशांक आहे, बीएमआय, तो दोघांचा सारखाच होता, २२.३. दोघंही कागदावर सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच आकडा सांगत होता, आतला मामला वेगळा होता.

हे येतं कुठून? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, तर आपल्या खेड्यातल्या बाळांचं दोन किलो सातशे ग्रॅम. बाळं लहान, हातापायांनी आणि पोटानं बारीक. पण त्या मानानं कातडीखालची चरबी मात्र टिकून. कमी पडले ते स्नायू. अशा बाळांना त्यांनी 'बारीक पण चरबीदार' म्हटलं. आईच्या ताटात पोषण कमी असतं, तेव्हा पोटातलं बाळ मिळेल त्यात काटकसर करतं. पुढे हेच मूल मोठं होऊन खुर्चीवर बसतं, दोन वेळा भरपेट जेवतं आणि काटकसरीला घडलेलं शरीर सगळं पोटात साठवत जातं. म्हणून पोटाची काळजी खरं तर मुलीच्या ताटापासून सुरू होते. घरात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी जेवणारी जी आहे, तिच्या ताटात डाळ, दूध, भाजी पडली तर पुढच्या पिढीच्या कमरेचा प्रश्न थोडा सोपा होईल.

आपल्याकडच्या माणसांसाठी धोक्याच्या खुणाही म्हणूनच अलीकडे आणल्या आहेत. पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच. बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. सोपा हिशेब हवा असेल तर घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच. घेर ३३ च्या आत. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की आपल्या देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी जवळजवळ ४० टक्के लोकांचा पोटाचा घेर मर्यादेबाहेर आहे.

इथं एक फसगत होते. माणूस म्हणतो, "माझी पँट वीस वर्षं चौतीसचीच आहे." आमच्या ओळखीचे एक टेलर मास्तर यावर हसतात. ते म्हणतात, "साहेब, पँट चौतीसचीच राहते, कारण ती दरवर्षी बोटभर खाली बांधली जाते. पोट तिच्यावरून पुढे निघून जातं." तेव्हा पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे. सरळ उभं राहावं, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध उघड्या अंगावर टेप धरावी, श्वास सहज सोडावा आणि मोजावं. पोट आत ओढू नये. टेपसमोर कसली अब्रू!

उपाय म्हटले की लोक पोटाचे व्यायाम विचारतात. कमरेला पट्टा बांधून घाम काढतात. त्यानं पोटाचे स्नायू बळकट होतील किंवा घाम जाईल; आतली चरबी त्या जागेवरून निवडून निघत नाही. ती सगळ्या शरीरानं मिळून खर्च करावी लागते. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, दम थोडा लागेल पण बोलता येईल अशा चालीनं चालावं. सोबत जमतील तशा जोर-बैठका. स्नायू साखर खातात, म्हणून स्नायू वाढवावेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा उजाडताच निघावं. जळगावात मेहरूण तलावावर, धुळ्यात पांझरेच्या काठानं सकाळी चालणारे दिसतात. पण त्यात बायका किती असतात? आमच्या मोहल्ल्यातल्या आणि तुमच्या वाड्यातल्या बायकांना चालायला जागाही नाही आणि सवडही नाही. पाळी थांबल्यावर तर बायकांची चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. घरच्यांनी निदान गच्ची आणि अर्धा तास तिच्या नावावर करावा.

जेवणाचं म्हणाल, तर खान्देशाचं जुनं ताट वाईट नव्हतं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, डाळ, पालेभाजी. बहिणाबाई चौधरींची गाणी घरातली, शेतातली कामं करता करता जुळली, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यातलं दळण गिरणीकडे गेलं, पाणी नळाला आलं, शेतावर जायला मोटारसायकल आली. चांगलंच झालं, पण ताट अजून त्याच कष्टांच्या हिशेबानं वाढलं जातं. भरिताबरोबर भाकरीच्या जागी पुरी आली, शेवभाजीवर बोटभर तर्री आली. आणि चहा! दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे रोजची चाळीस-पन्नास ग्रॅम. महिन्याला सव्वा-दीड किलो. वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उपासाचंही तेच. दिवसभराचा रोजा भज्यांच्या ताटावर सुटतो आणि एकादशी साबुदाण्याच्या खिचडीत बुडते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, असं हदीस सांगते. वाग्भटानं पोटाचे चार भाग करून दोन अन्नाला, एक पाण्याला दिला आणि एक वायूसाठी मोकळा ठेवला. दोघांचं भांडण नाही. थोडी जागा रिकामी ठेवा, एवढंच म्हणणं. त्यात दारू-तंबाखू सोडणं आणि सात तास झोप जोडा.

दिलासा असा, की ही चरबी लवकर साठते तशी तुलनेनं लवकर हलतेही. महिनाभर चालूनही काटा जागचा हलला नाही म्हणून पुष्कळ लोक सोडून देतात. त्यांनी चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ सालचा अभ्यास ध्यानात ठेवावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना त्यांनी चालायला आणि बेतानं खायला लावलं. त्यांचं वजन फारसं घटलं नाही, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं.

ज्यांना आधीच मधुमेह किंवा हृदयविकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. बाकीच्यांनी घरात शिवणाची टेप असेल ती काढावी. घरातल्या प्रत्येकाचा घेर मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली लिहावा, दर महिन्याला पुन्हा लिहावा. आकडा एक इंचानं खाली आला तर त्याचं कौतुक करावं. जावयाच्या पोटाचं आजवर पुष्कळ केलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)