दांतांची नोंदवही आणि संगणक

हातकणंगले तालुक्यांतील हुपरी हें चांदीचें गांव. दागिना हातीं आला कीं तेथील जाणता माणूस आधीं वजन आणि टंच पाहतो. नुसत्या चकाकीवर सौदा होत नाहीं. सार्वजनिक दवाखान्यासाठीं दांतांची संगणकीय नोंदवही निवडतांनाही हीच रीत उपयोगी पडेल.

शासकीय रुग्णालयांतून दंतचिकित्सेची सोय वाढावी म्हणून २०१४-१५ सालीं राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढें २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झालें. त्याच्या चौदा अंकी क्रमांकाच्या आधारें, रोग्याची संमति असल्यास, एका दवाखान्यांतील नोंद दुसऱ्यांत पाहतां येते. पण ती नोंद कशी असावी?

तापाची हकीकत चार ओळींत मावते. दांतांची मावत नाहीं. प्रौढाच्या मुखांत ३२ दांत. प्रत्येकाच्या पांच बाजू धरल्या तर १६० जागा झाल्या. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मुखांत दुधाचे आणि कायमचे दांत शेजारीं शेजारीं नांदतात. अशा ठिकाणीं 'दाढ किडली' एवढेंच लिहिण्याची सोय असलेली नोंदवही कुचकामाची. त्यांतून क्रमांक देण्याच्या पद्धतिही भिन्न. आंतरराष्ट्रीय दंतसंघाच्या दोन अंकी पद्धतींत १६ म्हणजे वरची उजवी पहिली मोठी दाढ. अमेरिकेंत रूढ असलेल्या पद्धतींत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. परकी नोंदवही न तपासतां उचलली, तर एकानें लिहिलेला अंक दुसऱ्यानें भलताच वाचावा आणि निरोगी दाढ उपटली जावी, असा प्रसंग अशक्य नाहीं.

स्थानिक गरजाही पाहाव्या लागतात. मिश्री आणि तंबाखू यांना स्वतंत्र रकाना हवा. धंद्यालाही हवा, कारण आम्लाच्या वाफेंत वर्षानुवर्षें काम करणाऱ्याच्या दांतांचें कवच झिजतें. मात्र लहान गांवांत सारेच एकमेकांना ओळखतात. तेव्हां कोणता रकाना कोणास दिसावा, हें आधींच ठरलेलें बरें.

विक्रेता करून दाखवितो तेव्हां सर्वच यंत्रें गोजिरीं दिसतात. परीक्षा व्हावी ती गर्दीच्या दिवशीं, खुर्चीजवळ, हातांत मोजे घातलेल्या दंतवैद्याच्या सोयीगैरसोयीनें. कांहीं रोग्यांची नोंद कागदावर आणि यंत्रांत अशी दुहेरी करावी; मग दुसऱ्या दंतवैद्यानें त्यांचें मुख पुन्हां तपासून दोन्ही नोंदी ताडून पाहाव्या. एका रोग्यामागें किती मिनिटें गेलीं तें मोजावें. वीज गेल्यास अर्धवट लिहिलेलें टिकतें काय? नांवाच्या स्पेलिंगमध्यें एक अक्षर बदललें कीं एकाच बाईच्या दोन नोंदी होतात काय? कंपनीशीं करार संपला तर जुन्या नोंदी दुसऱ्या यंत्राला वाचतां येतील अशा रूपांत परत मिळतात काय? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर खरेदीपूर्वीं लेखी घ्यावें.

आणि रोग्याच्या हातीं मराठींत छापलेली चिठ्ठी पडते कीं नाहीं, हेंही पाहावें. कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयांत गेल्यावर तेथील संगणकाशीं जुळलें नाहीं, तरी दाढ कोणती आणि तिच्यावर काय केलें, हें त्या चिठ्ठीवरून तेथील दंतवैद्याला कळतें.