समुद्राचा तळ डोंगरावर कसा चढला?

आपल्या काशीगावामागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. खाडीही जवळच आहे. त्यावरून आमचं भांडण झालं. माझा मित्र म्हणाला, "हा कातळ समुद्रातून वर आला." मी म्हटलं, "नाही, आगीतून आला." गुरुजी म्हणाले, "भांडू नका, माहिती काढून लिहा." म्हणून हा लेख.

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला लाव्हा बाहेर आला. थरावर थर साचले. सह्याद्री असाच झाला. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीत दगडाचे उभे खांब दिसतात. चिखल सुकला की तडे जातात ना, तसा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा गेल्या.

मला वाटलं, मी जिंकलो! पण मुंबईत काही ठिकाणी उशांसारखे गोल दगड एकावर एक रचलेले सापडतात. लाव्हा पाण्यात पडला की वरून लगेच गार होतो आणि अशी उशी बनते. म्हणजे थोडा लाव्हा पाण्यातही पडला होता. पण ते पाणी उथळ होतं. तो खोल महासागराचा तळ नव्हे.

खऱ्या महासागराच्या तळावरही अशा उशा असतात. गंमत म्हणजे त्या युरोपातल्या आल्प्स पर्वतावर सापडतात! तिथे मॅटरहॉर्न हे 4478 मीटर उंच शिखर आहे. त्याच्या खालच्या बाजूला जुन्या समुद्राच्या तळाचे दगड आहेत आणि माथ्याचा दगड आफ्रिकेच्या बाजूचा आहे.

हे कसं झालं? घरी करून बघा. गोधडी पसरा. एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसरं ढकला. आधी घड्या पडतात. आणखी ढकललं की एक घडी दुसरीवर आडवी होते. तशीच आफ्रिकेकडची जमीन युरोपाकडे सरकली. मधला समुद्र मिटला. त्याचा तळ बहुतेक खाली गेला. काही तुकडे खोलवर दाबून हिरवट झाले आणि पुन्हा वर ढकलले गेले. दगडाच्या अशा सरकलेल्या थराला नॅप म्हणतात. फ्रेंच भाषेत नॅप म्हणजे टेबलावरची चादर.

आपला भारतही असाच आशियाला धडकला आणि हिमालय झाला. लडाखमध्ये सिंधू नदीच्या बाजूला जुन्या समुद्रतळाचे दगड आहेत.

म्हणजे समुद्राचा तळ डोंगरावर चढतो, हे मित्राचं खरं. पण आपला डोंगर तसा नाही, हे माझं खरं. समुद्र जवळ आहे म्हणून दगड समुद्राचा, असं नसतं. दगड नीट बघावा लागतो. आमची आता बोली झाली आहे.