आकाश-छायाचित्रण आणि कॅमेऱ्याचा बाह्य विद्युत्पुरवठा

मृग नक्षत्रातील तेजोमेघ वर्धा जिल्ह्यातील एखाद्या शेतातून टिपावयाचा, तर कॅमेऱ्याचे द्वार दर वेळी मिनिटभर वा अधिक उघडे ठेवून तासन्‌तास चित्रे घ्यावी लागतात. कॅननच्या एलपी-ई६ बॅटरीत सुमारे १३ वॅट-तास ऊर्जा असते. कॅमेरा ४ वॅट घेतो असे धरल्यास ती जेमतेम तीन तास पुरेल. मध्येच ती बदलू गेल्यास ध्रुवाशी जुळविलेला आधार हलण्याचा संभव असतो, आणि सारी रात्र वाया जाते.

उपाय शेतातच आहे. फवारणी पंपाची बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची असते. तिची निम्मीच ऊर्जा वापरली तरी रात्र निभावते. मात्र १२ व्होल्ट सरळ देणे म्हणजे कॅमेऱ्याचा घात करणे होय. दाब ८ व्होल्टांवर आणणारा परिवर्तक मध्ये हवा, आणि कॅमेऱ्याच्या कप्प्यात ‘डमी’ बॅटरी. (तिला ‘खोटी’ म्हणण्याचा प्रघात अन्यायाचा आहे, पुरवठा ती खराच करते.)

खरी मेख तारेत असते. आरसा उचलला जाताना प्रवाह क्षणभर एकदम वाढतो, लांब व बारीक तारेत दाब घसरतो, आणि बॅटरी संपली असे समजून कॅमेरा बंद पडतो. १२ व्होल्टांच्या बाजूची घसरण परिवर्तक भरून काढतो, त्याच्या पुढची नाही. यास्तव परिवर्तक तिपाईपाशीच बांधावा. लांब तार बॅटरीच्या बाजूस असावी. फ्यूज बॅटरीलगत बसवावा व धन-ऋण अग्रे जोडणीपूर्वी मीटरने पडताळावीत.